वाराचे दोन हात, पण हात कोणाचा?

मागच्या अंकात पडद्याच्या कापडाबद्दल लिहिताना मी सहज बोलून गेलो की एक वार म्हणजे दोन हात, एवढं लक्षात ठेवा की झालं. झालं कसलं, सुरू झालं! या महिन्यात आलेल्या पत्रांतली निम्मी मोजमापाचीच आहेत आणि त्यातल्या दोघांनी तर मला सरळ सरळ दोषी धरलंय. म्हणून यावेळी भाजीपाला, बुरशी, मुंग्या वगैरे सगळं बाजूला ठेवू आणि एकदाचं हे हात-वार प्रकरण निस्तरून टाकू.

प्रश्न (गुहागर): काका, तुमच्यावर भरवसा ठेवून पस्तावले. आजीला तिच्या जुन्या लुगड्यासारखंच लुगडं हवं होतं म्हणून मी ते लांबलचक पसरून स्वतःच्या हाताने मोजलं, वीस हात आणि वर थोडंसं भरलं. तुमच्या हिशोबाने दोनने भागून १० वार सांगितलं आणि तेवढं विणून आणलं. आजी नेसायला गेली तर ओच्यात एवढं कापड की तिला चालताच येईना. वर मलाच विचारते, "माझं लुगडं अठरा हाती, तू वीस हात आणलेस कुठून?" आता बोला.

उत्तर: ताई, आजी बरोबर, तुम्ही बरोबर आणि मी पण बरोबर, तरी लुगडं चुकलं ते चुकलंच. चूक माझ्या अर्धवट वाक्यात आहे. वार म्हणजे ३६ इंच आणि त्याचे दोन हात म्हणजे हात १८ इंचाचा, हे पुस्तकातलं किंवा दुकानातलं माप झालं. तुमचा हात म्हणजे कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत, तो किती भरतो ते टेप लावून बघा. मी पैजेवर सांगतो, १६ इंचाच्या आसपास निघेल. नऊ वार म्हणजे ३२४ इंच, त्याला १६ ने भागा, सव्वावीस येतात. बघा, तुमचे "वीस हात आणि वर थोडं" तिथेच जुळले! आणि ३२४ ला १८ ने भागलं की अठरा, आजीचं अठरा हाती लुगडं. म्हणजे नऊवारी आणि अठरा हाती ही एकाच कापडाची दोन नावं आहेत, आजीच्या पिढीने हातात सांगितलं, पुढच्यांनी वारात, आणि आता दुकानदार मीटरात सांगतो.

मी चिपळूणला बाजारपेठेत कापडाच्या दुकानात पाच वर्षं उमेदवारी केलीय. दुकानात लोखंडी वार होता, पण घाईत मालक कापडाचं एक टोक नाकाला लावायचे, दुसरा हात लांब करायचे आणि खट् करून वार मोकळा. नाकापासून बोटांपर्यंत एक वार. इंग्लंडात पहिला हेन्री राजा होता १२व्या शतकात, त्याच्या नाकापासून अंगठ्याच्या टोकापर्यंतचं अंतर म्हणजे वार असं ठरलं अशी एक कथा तिकडे सांगतात. कथाच आहे, पण आमच्या मालकांना हेन्री माहीत नव्हता तरी ते तेच करत होते, म्हणजे हे सुचायला राजा व्हावं लागत नाही. फक्त मालक सहा फुटी होते, त्यामुळे गिऱ्हाईक खूश असायचं, आणि मी पाच फूट तीन इंच, माझ्या नाकावरून कापड मोजायची मला बंदी होती. मी मोजलेलं कापड कमी भरायचं ना!

तर आता नियम पूर्ण सांगतो. आधी आपला हात टेपने इंचात मोजायचा, आयुष्यात एकदाच. मग जितके हात भरले त्याला त्या इंचांनी गुणायचं आणि ३६ ने भागायचं, आले वार. मीटर हवे असतील तर वारांना ०.९१४४ ने गुणा. नऊ वार म्हणजे ८.२३ मीटर. हल्ली काहीजण नऊवारी म्हणून सरळ ९ मीटर कापतात, ते जवळजवळ ३० इंच जास्त होतं, ते पण ओच्यातच जाणार. सहावारी असेल तर ५.४९ मीटर, म्हणून बाजारात साडेपाच मीटर म्हणतात ते बरोबर आहे.

जास्तीच्या त्या एका वाराचं काय करायचं ते आजीलाच विचारा, तिच्या चोळीचं काम त्यात भागेल बहुतेक.

प्रश्न (हर्णे): आमच्या बोटीवर नवीन फिश फाइंडर बसवलाय, तो खोली मीटरमध्ये दाखवतो. चुलते अजून वावातच बोलतात, "बारा वाव पाण्यात जाळं टाक" वगैरे. मी कुठेतरी वाचलं की वाव म्हणजे वारच, फक्त आपल्याकडचा उच्चार, म्हणून मी १२ वाव म्हणजे ११ मीटर धरलं. चुलते म्हणतात डोकं ठिकाणावर आहे का. वाव आणि वार एकच ना?

उत्तर: नाही रे बाबा, आणि हे जिथे वाचलंस तिथे परत काही वाचू नकोस. चुलत्यांचं ऐक. दोन्ही हात आडवे फाकवून उभा राहा, एका हाताच्या मधल्या बोटापासून दुसऱ्या हाताच्या बोटापर्यंत जेवढं अंतर होतं तो वाव. म्हणजे हाताच्या हिशोबात चार हात, फुटात ६ फूट, वारात २ वार. मीटरात १.८३ धर. तुझे बारा वाव म्हणजे २४ वार, ७२ फूट, जवळपास २२ मीटर. तू अर्ध्यावरच थांबलास, म्हणजे बोट किनाऱ्याकडे कुठच्या कुठे राहिली असती.

इंग्रज खलाशांचा फॅदम तो हाच, त्या शब्दाचा मूळ अर्थसुद्धा फाकवलेले हातच. मला हे फार आवडतं की जगाच्या दोन टोकांच्या लोकांना दोर मोजायला एकच युक्ती सुचली. आणि सुचणारच, कारण दोराच्या टोकाला शिशाचं वजन बांधून पाण्यात सोडलं की वर ओढताना माणूस तो दोर हात फाकवूनच ओढतो. एक ओढ म्हणजे एक वाव, मोजायला वेगळं काही करावंच लागत नाही. कागद नको, टेप नको, अंधारात पण चालतं.

पण तुझ्या चुलत्यांना एक गोष्ट विचार, की ते वाव स्वतःच्या हाताचा धरतात की फिश फाइंडरच्या कंपनीचा? माणसाचा वाव साधारण त्याच्या उंचीएवढा असतो. चुलते पाच फूट पाच इंच असतील तर त्यांचा वाव पण तेवढाच, मग त्यांच्या हाताचे १२ वाव म्हणजे ६५ फूट. पक्क्या ७२ फुटापेक्षा ७ फूट कमी, दोन वारांहून जास्त फरक पडला. मासा जिथे लागतो ती जागा त्यांनी तीस वर्षं स्वतःच्या वावाने लक्षात ठेवली असेल तर मशीनवर २० मीटरच्या जवळपास बघ, २२ वर नाही. आणि भरती-ओहोटी धर रे, आपल्याकडे उधाणाच्या दिवसांत तेवढ्यानेच एखादा वाव इकडचा तिकडे होतो, मग मशीन आणि चुलते दोघं भांडत बसतील आणि दोघंही खरं बोलत असतील.

मीटर आल्यामुळे वाव मेला असं कोणी म्हणालं तर त्याला सरकारी कागद दाखव. महाराष्ट्राच्या १९८१ च्या सागरी मासेमारी नियमन कायद्याखाली ट्रॉलरने किनाऱ्याच्या किती जवळ यायचं नाही ते ५ वाव, १० वाव अशा खोलीवरूनच ठरवलेलं आहे. तिथे मात्र वाव कंपनीचा धरायचा, चुलत्यांचा नाही! तुम्ही लहान बोटवाले असाल तर ते तुमच्याच फायद्याचं आहे, ५ वाव म्हणजे ९.१४ मीटर आणि १० वाव म्हणजे १८.२९ मीटर, एवढं मशीनवर पेनाने लिहूनच ठेव.

जाळ्याच्या आसाबद्दल, म्हणजे भोकाच्या मापाबद्दल, तू पत्राच्या खाली विचारलंयस, तीन बोटं म्हणजे किती. एक अंगुळ पाऊण इंचाचं, म्हणजे १९ मिलिमीटर, तीनाचे सव्वादोन इंच, ५७ मिलिमीटर. पण जाळं विकणारा ओला आस ताणून मोजतो की सैल, ते त्यालाच विचार.

प्रश्न (मालवण तालुका): आमची बाव (विहीर) नवीन खणली. खणणारो म्हणता "पाच पुरुष खोल". माझो बापूस म्हणाला एक पुरुष म्हणजे सहा फूट, दोन वार, म्हणून रहाटाक १० वार दोर आणलो. चैत्रापर्यंत सगळा बरा, वैशाखात कळशी पाण्यापर्यंत पोचेना! दोर कापून दिलो की काय दुकानदारान?

उत्तर: दुकानदाराला उगीच शिव्या देऊ नका, दोर बरोबर एका पुरुषाने तोकडा पडलाय. पुरुष (कोणी परस म्हणतात) हे माप जुन्या हिशोबात नुसत्या उंचीचं नाही, माणूस हात वर करून उभा राहिला की पायापासून वरच्या बोटांपर्यंत जेवढं होईल तेवढं. यज्ञाच्या वेदी बांधायची जी शुल्बसूत्रं आहेत त्यांत पुरुष १२० अंगुळांचा धरलाय, आणि तिथे तो यजमानाच्या स्वतःच्या अंगाचा, दुसऱ्याचा चालत नाही. १२० अंगुळं म्हणजे ५ हात, साडेसात फूट, अडीच वार. पाच पुरुषांचे झाले साडेबारा वार, तुम्ही आणले दहा.

हात वर करूनच का मोजायचं तर खड्ड्यात उतरलेला माणूस वरच्याला माती देतो तेव्हा हात वरच असतात ना, टोपली वर पोचली पाहिजे. मला तरी हेच कारण पटतं.

आता पुढची अडचण अशी की आजचे खणणारे सगळेच हात वर करून बोलत नाहीत, काहीजण नुसत्या उंचीचा पुरुष धरतात, काही जण तर सरळ सहा फुटाला पुरुष म्हणून मोकळे होतात. म्हणून मजुरी ठरवतानाच एकदा टेप आत सोडा. आणि दोर नेहमी तळाच्या मापाने घ्या, पाण्याच्या नाही. आपला जांभा म्हणजे चाळण, पावसात बाव काठोकाठ आणि वैशाखात तळाशी, हे तुम्हाला मी सांगायला नको. रहाटाला गुंडाळायला आणि गाठीला आणखी दोन-तीन वार धरा, म्हणजे पंधरा वार सुंभ आणा आणि स्वस्थ बसा.

प्रश्न (सावंतवाडी): १ वार = २ हात, म्हणजे १ चौरस वार = २ चौरस हात, बरोबर? मग गुंठ्याचे हात किती?

उत्तर: चूक. चौरसात दोनाचे चार होतात, १ चौरस वारात ४ चौरस हात. गुंठा ३३ फूट बाय ३३ फूट, म्हणजे ११ वार बाय ११ वार, १२१ चौरस वार. हातात २२ बाय २२, झाले ४८४ चौरस हात. असे ४० गुंठे की एक एकर. तुमच्या हिशोबाने २४२ आले असते आणि भावाने अर्धी जमीन घेऊन टाकली असती, कागद करताना जपा.

जाता जाता, क्रिकेटची खेळपट्टी २२ वार आणि इंग्रजी मोजणीची साखळी पण २२ वार, ६६ फूट. म्हणजे गुंठ्याची एक बाजू म्हणजे बरोबर अर्धी खेळपट्टी. शिवाजी महाराजांच्या वेळच्या मोजणीत काठी होती, पाच हात पाच मुठींची, आणि वीस काठ्या लांब वीस काठ्या रुंद असा बिघा, १२० बिघ्यांचा चावर. आणि त्या काठीतला हात १४ तसूंचा (तसू म्हणजे इंचाहून जरा मोठं जुनं माप) धरायचा असं पक्कं ठरवून दिलेलं होतं! नंतर मुंबई इलाख्यात हात १६ तसूंचा होता. म्हणजे हात कोणाचा हा प्रश्न गुहागरच्या ताईंच्या आधी साडेतीनशे वर्षं रयतेने विचारलेला आहे, आणि त्याचं उत्तर तेव्हाही काठीवरच द्यावं लागलं, कारण मोजणाऱ्याचा हात आखूड निघाला की शेत कागदावर फुगतं आणि सारा वाढतो.

प्रश्न (अलिबाग): फर्निचरचं कापड मागवलं, विकणारा गजात सांगतो. गज म्हणजेच वार का? माझे आजोबा सुतार होते, त्यांचा गज २७ इंची होता असं बाबा सांगतात.

उत्तर: आजोबांचा गज खरा आहे, जपून ठेवा. मुंबई इलाख्यातला गज २४ तसूंचा, २७ इंच, म्हणजे दीड हात किंवा पाऊण वार. तसू म्हणजे सव्वा इंचाला जरा कमी, १ पूर्णांक १ अष्टमांश. पण गज प्रांताप्रांताला बदलायचा, मद्रासेकडे ३३ इंच, बंगालात ३६. उत्तरेकडच्या कापडवाल्यांनी ३६ वाला उचलला, म्हणून आज ते गज म्हणतात तेव्हा वारच समजा. तुम्ही २७ धरून १२ गज मागवलेत तर ९ वार लागणाऱ्या सोफ्याला १२ वार येईल, उरलेल्यात उशा होतील. (खिडकीला लावतात ते गज वेगळे, ते मोजायचे नाहीत, रंगवायचे.)

प्रश्न (रत्नागिरी, इयत्ता सातवी): काका, आम्हाला प्रोजेक्ट आहे. वार ०.९१४४ मीटर असा विचित्र का? आणि बोटापासून कोसापर्यंत सगळं एका पानात लिहून द्याल का? आई म्हणते तुम्हीच लिहाल.

उत्तर: आईला नमस्कार सांग. वार आणि मीटर वेगवेगळ्या घरात जन्मले, नंतर सोयरिक झाली म्हणून आकडा वाकडा. आधी अमेरिकेचा वार आणि इंग्लंडचा वार यांच्यात केसाहून बारीक फरक होता, कारखान्यांना तो पण नडायला लागला. १९५९ मध्ये अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका असे सहा देश बसले आणि वार म्हणजे बरोबर ०.९१४४ मीटर असं ठरवून टाकलं. त्यामुळे इंच पण बरोबर २.५४ सेंटिमीटरचा झाला. आपल्याकडे १९५६ ला कायदा झाला आणि १९५८ पासून मीटर, किलो टप्प्याटप्प्याने आले, म्हणजे तिकडे वार पक्का होत होता तेव्हा आपण तो सोडत होतो.

आता पान. आठ यव, म्हणजे जवाचे आठ दाणे पोटाला पोट लावून ठेवले की एक अंगुळ. चार बोटं जुळवली की मूठ, तीन इंच. बारा अंगुळांची वीत, ९ इंच. दोन वितींचा हात, २४ अंगुळं. दोन हातांचा वार, म्हणजे ४ विती, ४८ अंगुळं. चार हातांचा दंड, तोच हर्णेवाल्यांचा वाव. दोन हजार दंडांचा कोस, आणि चार कोसांचं योजन. हा हिशोब भास्कराचार्यांनी १२व्या शतकात लीलावतीत दिलाय (त्यात मूठ, वीत आणि वार नाहीत हं, ते मी मध्ये घातले), त्यामुळे बाईंना नाव सांगायला पण बरं. २००० दंड म्हणजे ८००० हात, ४००० वार, साधारण साडेतीन किलोमीटरच्या जरा वर. रोजच्या बोलण्यात मात्र लोक कोस म्हणजे दोन मैल धरतात, ते ३.२ किलोमीटर होतात. दर बारा कोसांवर भाषा बदलते म्हणतात ना, ते भास्कराचार्यांच्या कोसाने बदलते की मैलाच्या, ते तू शोध.

प्रोजेक्टमध्ये एक प्रयोग कर, घरातल्या सगळ्यांचे हात आणि विती मोज. बघ, आजोबांचा हात तुझ्यापेक्षा मोठा असेल, पण प्रत्येकाच्या हातात स्वतःच्या जवळपास दोनच विती बसतील. गणित शरीरात पक्कं असतं रे, फक्त शरीर बदललं की आकडा हलतो. आणि खोटे आकडे लिहू नकोस, "आठ हात लाकूड नऊ हात ढलपी" असं बाई लाल पेनाने लिहितील.

प्रश्न (वेंगुर्ला): अबोलीचा वळेसर (गजरा) आम्ही हातावर मोजून घेतो. फुलवालीचा हात माझ्या हातापेक्षा केवढा तरी लहान आहे. मी माझ्या हाताने मोजून मागायचा हक्क मला आहे की नाही?

उत्तर: हक्क आहे, फुलं मिळतील याची खात्री नाही. भाव तिच्या हाताचा लावलेला असतो हो, तुमचा हात लांब निघाला तर ती दर पण लांबवेल. फक्त शेजारच्या दोघी फुलवाल्यांचे भाव ताडून बघताना दोघींचे हात पण ताडून बघा.

एक मात्र डोळ्यात तेल घालून पाहा. संस्कृतात दोन हात सांगितलेत, मूठ मिटून करंगळी तेवढी लांब करून मोजला तर अरत्नी, पूर्ण मूठ मिटून मोजला तर रत्नी, आणि दोघांत चांगला तीन-चार बोटांचा फरक पडतो. एरवी तुमची फुलवाली बोटं सरळ ठेवूनच मोजत असेल. गौरी-गणपतीत अबोली महागली की बघा, हात तोच असतो पण मूठ मिटलेली असते. हात आखडता घेणं म्हणतात ते हेच.